टॅम लिनवरची एक अंधारी कादंबरी: मूळ गाणं आधी वाचावं की नंतर?

चांदणचुरा

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात एक कादंबरी वाचून संपवली. अजून तिच्यातून बाहेर आलेले नाही. स्कॉटिश लोककथांवर उभी आहे. परीकथाच, पण मुलांना झोपवताना सांगावी अशी अजिबात नाही. सुरुवातीच्या शंभरेक पानांत ‘परी’ हा शब्दसुद्धा येत नाही. गावातले लोक नुसतं ‘शेजारी’ म्हणतात. शेजारी नाराज आहेत, शेजाऱ्यांसाठी दूध ठेवलंस का, शेजाऱ्यांच्या वाटेवर भिंत बांधू नकोस. मी बराच वेळ हे खरेच शेजारी समजून वाचत होते. ज्या पानावर उलगडा झाला तिथे पुस्तक मिटून आधी स्वयंपाकघरातला दिवा लावून आले.

कादंबरी ‘टॅम लिन’ या जुन्या गाण्यावर बेतलेली आहे हे कळेपर्यंत दोनतृतीयांश पुस्तक संपलं होतं. ते गाणं मी कॉलेजात वाचलं होतं. नायिका दोन गुलाब तोडते तिथे मनात काहीतरी हललं, आणि पांढऱ्या घोड्याचा उल्लेख आला तेव्हा लख्ख आठवलं.

पुस्तकाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये. नाव आणि टॅम लिन एकाच धाग्यात आलं की पुढच्या वाचकाचा तो क्षण गेलाच. कुणाला हवंच असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.

आता प्रश्न. आमच्या पुस्तकभिशीत (ठाण्यात, अकरा जणी) पुढच्या महिन्यात हीच कादंबरी आहे. दोघींनी टॅम लिन वाचलंय, बाकीच्यांनी नावही ऐकलेलं नाही. मूळ गाणं आधी वाटावं की नंतर? आधी दिलं तर शेवट कळतो. नाही दिलं तर निम्मे धागे हातातून निसटतात. तुम्ही काय कराल?

---

खारीबिस्किट

व्यनि केलाय. ‘शेजारी नाराज आहेत’ हे आमच्या सोसायटीच्या बैठकीत दर महिन्याला ऐकतो, पण त्यासाठी दिवा लावायची वेळ अजून आलेली नाही. :)

---

तिसरी_घंटा

अजिबात देऊ नका. लेखिकेने तीनशे पानं राबून जे झाकून ठेवलंय ते तुम्ही झेरॉक्स काढून वाटणार? ज्यांना ओळख पटेल त्यांना पटेल. नाही पटली तर कादंबरी म्हणून ती स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी. कुबड्या दिल्याशिवाय चालत नसेल तर तो पुस्तकाचा दोष.

---

अनुस्वार

चांदणचुरा, धागा फार आवडला. हे गाणं माझ्या जिव्हाळ्याचं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी गोष्ट. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर सेलकर्कजवळ कार्टरहॉ नावाची जागा आहे. एट्रिक आणि यॅरो या दोन नद्या तिथे मिळतात. तिथल्या रानात टॅम लिन नावाचा कुणीतरी असतो आणि तिथून जाणाऱ्या मुलीकडून काहीतरी वसूल करतो: अंगठी, हिरवा झगा, नाहीतर कौमार्य. म्हणून मुलींनी तिकडे फिरकायचं नाही अशी ताकीद. जॅनेट हे ऐकते, हिरवा घागरा गुडघ्याच्या वर खोचते, केस बांधते आणि सरळ तिकडेच चालू पडते. गुलाब तोडते. तो समोर उभा राहून विचारतो, कुणाला विचारून तोडलेस? ती म्हणते, ही जागा माझी, माझ्या बापाने मला दिलेली, इथे यायला मला तुझी परवानगी नको.

पुढे ती गरोदर राहते. पुन्हा जाते तेव्हा तो सांगतो की तो माणूसच आहे. शिकारीहून परतताना घोड्यावरून पडला आणि परीराणीने उचलून नेला. तिथे सगळं सुखाचं आहे, फक्त दर सात वर्षांनी त्या लोकांना नरकाला एक खंड भरावा लागतो, आणि मी असा धडधाकट, अंगाने भरलेला, तेव्हा या खेपेला माझीच पाळी असणार. हॅलोविनच्या मध्यरात्री त्यांची स्वारी निघेल. काळा घोडा जाऊ दे, तपकिरी जाऊ दे, पांढऱ्यावरच्याला खाली ओढ आणि सोडू नकोस. ते मला तुझ्या हातात काय काय करतील, सोडू नकोस.

आणि खरंच करतात. सरडपाल, साप, अस्वल, सिंह, तापलेलं लोखंड, शेवटी धगधगता निखारा. तो विहिरीत टाकायचा. मग पाण्यातून उघडा माणूस वर येतो आणि ती त्याला आपल्या हिरव्या शालीत झाकते.

१५४९च्या ‘कम्प्लेंट ऑफ स्कॉटलंड’ या ग्रंथात धनगर जे किस्से सांगतात त्यांच्या यादीत टॅम लिनचं नाव आहे. म्हणजे गोष्ट तेव्हाच सर्वांच्या ओळखीची होती. पुढे सगळ्यांत पूर्ण समजला जाणारा पाठ कवी रॉबर्ट बर्न्सने मिळवून छापायला दिला. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकन प्राध्यापकाने ही सगळी गाणी पाठभेदांसह गोळा केली, त्यात हे ३९ क्रमांकाचं.

तुमच्या प्रश्नावर माझं मत: द्या. ज्या धनगरांनी ते ऐकलं त्यांना शेवट पाठच होता.

---

गुळांबा

काका, सरडपाल म्हणजे?

---

अनुस्वार

न्यूट. सरड्यासारखा, पण पाण्यातला, ओल्या कातडीचा बेडकाचा चुलतभाऊ. मराठीत रूढ शब्द नाही, सरड आणि पाल जोडून काम भागवलं. मला या यादीतला हाच सगळ्यांत भयंकर वाटतो. सिंहाला तुम्ही मिठी तरी मारू शकता. हा बोटांतून बुळबुळीत निसटतो. घट्ट धरावं तर चिरडेल, सैल सोडावं तर जाईल.

---

माडाची_सावली

नाव न घेण्यावरून सांगतो. आमच्याकडे वेंगुर्ल्यात रात्री सापाचं नाव घ्यायची आजी सोय ठेवायची नाही. लांबडं म्हणायचं, नाहीतर जनावर. आणि अख्ख्या महाराष्ट्रात माता आल्या की त्या रोगाला ‘देवी’च म्हणत आले. ज्याची धास्ती त्याला गोड नाव.

स्कॉटलंडात गेलिक बोलणारे यांना ‘दाइन्या शी’ म्हणतात. यातला ‘शी’ म्हणजे परीलोकाचा टेकाड, आणि तोच शब्द शांततेसाठीही आहे. म्हणून ‘शांतीचे लोक’ असाही अर्थ लागतो. सखल भागात ‘भले शेजारी’. तुमच्या लेखिकेने तो एक शब्द घेऊन शंभर पानं दिवा न लावता चालवली याचं कौतुक वाटतं. अनुवाद करायचा झाला तर मी ‘परी’ हा शब्द वापरणारच नाही. आपल्या डोक्यात परी म्हणजे पंख आणि जादूची कांडी.

---

तिसरी_घंटा

@अनुस्वार, धनगरांची तुलना पटली नाही. ते गाणं ऐकत होते, कादंबरी वाचत नव्हते. गाण्यात ‘पुढे काय’ याला महत्त्वच नसतं. कादंबरी त्यावरच चालते. गीतरामायण ऐकताना सीताहरण होणार हे माहीत असतं म्हणून कुणी उठून जात नाही. पण खुनाच्या कादंबरीवर पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून दिलं तर मी पैसे परत मागेन.

---

रात्रपाळी

अॅबर्डीनहून लिहितेय. मुलगी सात आठवड्यांची आहे, हे एका हाताने टाइप होतंय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

चांदणचुराताई, व्यनितून नाव कळल्यावर पुस्तक मागवलं आणि रात्रीच्या पाजण्यांमध्ये वाचून संपवलं. इथे आता सकाळी आठ वाजून गेले तरी अंधार असतो. छपरांवर समुद्रपक्षी ओरडतात, ते अगदी तान्ह्या बाळासारखं वाटतं. या आवाजात ही असली गोष्ट.

मला त्यातलं एक छोटं प्रकरण सोडत नाहीये. नायिकेची आत्या गाय हंबरल्याचं ऐकते आणि रडायला लागते. तुमच्या लक्षात आलं का माहीत नाही, पण ते टॅम लिनमधलं नाहीच. ते चाइल्डच्या संग्रहातलं लगेच पुढचं, ४० क्रमांकाचं गाणं आहे: परीराणीच्या दाईचं. नुकती बाळंत झालेली बाई पळवून नेलेली. का, तर राणीच्या बाळाला माणसाचं दूध पाजायला. तिचं स्वतःचं बाळ चार रात्रींचं, मागे राहिलेलं. तिला तिथे गाय हंबरल्याचा आवाज येतो. राणी विचारते, काय हवंय, खायला हवं की पगार हवा? ती म्हणते, मला माझी माणसांची भूमी हवी. राणी म्हणते, माझा मुलगा तुझ्या गुडघ्याला धरून उभा राहीपर्यंत पाज, मग पोचवते.

संपलं. पोचवलं की नाही, गाणं सांगत नाही.

मला हे गाणं इथल्या दवाखान्यातल्या एका सुईणीने सांगितलं. आईने नागपूरहून पाठवलेला छोटा अडकित्ता मी पाळण्याच्या गादीखाली ठेवला होता. घरी भेटीला आल्यावर तिने तो पाहिला. मी ओशाळले, म्हटलं ही म्हणेल बाळाजवळ धारदार वस्तू. ती म्हणाली, खालच्या फळीला पक्का बांधा, बाळाच्या हाताला लागायला नको. आणि मग म्हणाली, माझी आजी पाळण्यात लोखंडच ठेवायची, त्यांना लोखंड सोसत नाही. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात हे मी तिला सांगितलं. दोघी हसलो नाही. अडकित्ता बांधला.

प्रश्नाचं उत्तर: मला ४० क्रमांक माहीत होता म्हणूनच ती गाय ऐकू आली. नाहीतर ती फक्त गाय होती.

---

गुळांबा

काटा आला. सांभाळून राहा गं, आणि झोप मिळेल तेव्हा झोप.

---

खारीबिस्किट

‘नाहीतर ती फक्त गाय होती.’ हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

---

सरळरेषा

सगळे रमलेत, पण एक खडा टाकतो. तो टाकायलाच हवा असं वाटतं.

हे गोडगूढ म्हणून आपण वाचतो त्यासाठी खऱ्या बायका जाळल्या गेल्या आहेत. एअरशायरमधली बेसी डनलॉप, १५७६. तिची जबानी उपलब्ध आहे. नवरा आजारी, बाळ आजारी, गाय मेलेली, आणि ती रडत रडत गुरं हाकत चाललेली असताना तिला टॉम रीड भेटला. हा पिंकीच्या लढाईत, म्हणजे १५४७ साली, मेलेला माणूस. तो म्हणाला, रडू नकोस, बाळ वाचणार नाही पण नवरा बरा होईल. बाळंतपणात एक धिप्पाड बाई येऊन बाकावर बसली होती आणि तिने प्यायला मागितलं होतं. टॉमने नंतर सांगितलं की ती परीराणी. बेसीने तिला प्यायला दिलं, एवढंच. ती औषधी वनस्पती सांगायची, हरवलेल्या वस्तू सांगायची. तिला दोषी ठरवून जाळलं.

फाइफमधली अॅलिसन पिअरसन, १५८८. तिच्याही जबानीत आहे की त्या लोकांतला दहावा हिस्सा दर वर्षी नरकाला जातो. म्हणजे गाण्यातला सात वर्षांचा खंड हा कुणा कवीच्या डोक्यातून आलेला नाही. लोक तसं मानत होते, आणि न्यायालयात ते बोलणं मरणाला कारण होत होतं. स्कॉटलंडचा चेटूकविरोधी कायदा १५६३ ते १७३६ चालला. एडिंबरा विद्यापीठाच्या पाहणीत ३,८३७ आरोपींची नोंद आहे, बहुसंख्य बायका. सरकारने माफी मागितली ती २०२२च्या ८ मार्चला.

आणि बदललेल्या बाळाची कल्पना. ‘हे माझं मूल नाही, त्यांनी आपलं ठेवून माझं नेलं.’ कुठलं मूल? जे वाढत नाही, बोलत नाही, सतत रडतं. ते खरं मूल परत मिळावं म्हणून त्याला विस्तवाजवळ धरायचे. या कादंबरीत हे आहे का? नसेल तर ती अंधारी नाही, नुसती मंद उजेडाची आहे.

---

चांदणचुरा

@सरळरेषा, आहे. आणि चांगलं आहे. शेजारच्या घरातलं एक मूल बदललेलं मानतात. नायिका लहानपणी ते पाहते आणि गप्प बसते. शेवटी ती निखारा हातात धरून ठेवते तेव्हा तिला ते मूल आठवतं. लेखिकेने त्यावर एकही भाष्य केलेलं नाही, फक्त त्या मुलाचं नाव येतं. आपण बेसीबद्दल लिहिलंत ते मला माहीत नव्हतं. ‘प्यायला मागितलं, दिलं’ हे वाचून थांबले.

@रात्रपाळी, गाय मी पूर्ण चुकवली होती. परत काढून वाचलं. आत्याचं मूल कुठे गेलं हा प्रश्न मला पडलाच नव्हता, आणि आता दुसरं काही सुचत नाही.

---

नदीकाठ

एडिंबराला सहा वर्षं आहे. मागच्या ऑक्टोबरात कार्टरहॉला जाऊन आले, तेवढं सांगते.

एडिंबराहून ट्वीडबँकपर्यंत रेल्वे आहे, ती २०१५ला पुन्हा सुरू झाली. तासाभराचा प्रवास. पुढे बसने सेलकर्क आणि मग चालत. मनात गर्द जंगल होतं. प्रत्यक्षात शेत, मेंढ्या, दगडी बांध, आणि नदीचा आवाज. रस्त्याच्या कडेला टॅम लिनची विहीर म्हणून दाखवतात. आपण विहीर म्हणू असं काही नाही, झऱ्याचं पाणी दगडी कुंडीत पडतं. पानं साचली होती. मी बाही वर करून हात घातला, थंडीने बोटं वाकेनात.

मी तिथे उभी राहून एकच विचार केला. मध्यरात्र, ऑक्टोबरची अखेर, अंगावरची शाल नंतर त्याला द्यायची आहे, पोटात मूल आहे, आणि ती इथे वाट बघत बसली. सिंह आणि अस्वल नंतरची गोष्ट. आधी ही थंडी. गाण्यात थंडीबद्दल अक्षर नाही, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. कादंबरीत ती पानभर आहे, कारण आपल्याला ठाऊक नाही. कादंबरी लिहायची ती यासाठीच असं मला वाटतं.

वाटेत जमलं तर मेलरोजजवळचे आइल्डन डोंगरही बघा. तीन शिखरं. कवी टॉमसला राणी भेटली ती तिथेच.

---

माडाची_सावली

टॉमसची गोष्ट कुणीतरी लिहा ना. तीन वाटांची तीच ना?

---

अनुस्वार

तीच. एर्सिलडूनचा टॉमस, तेराव्या शतकातला. राणी त्याला तीन वाटा दाखवते. काट्यांची अरुंद वाट पुण्याची, रुंद सपाट वाट पापाची, आणि तिसरी नेच्यांतून डोंगर चढत जाणारी, ती आपली. स्वर्गही नाही आणि नरकही नाही. वाटेत गुडघाभर रक्तातून चालावं लागतं, कारण पृथ्वीवर सांडलेलं सगळं रक्त त्या देशाच्या झऱ्यांतून वाहतं. सात वर्षांनी परत येताना त्याला बक्षीस मिळतं खोटं न बोलणारी जीभ. तो बिचारा कुरकुरतो की मग बाजारात व्यवहार कसा करू!

अवांतर, पण आपल्या माणसांना आवडेल म्हणून. ही गाणी लेखक वॉल्टर स्कॉटने १८०२मध्ये ‘मिन्स्ट्रल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर’ म्हणून छापायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या मदतीला जॉन लेडन हा डेनम गावचा तरुण होता. संग्रह छापून होतोय तोवर तो डॉक्टर म्हणून मद्रासला आला, इथल्या भाषांत बुडाला आणि १८११मध्ये जावा बेटावर वारला. त्याचा मित्र त्याच सीमाभागातला जॉन माल्कम. तोच पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचा. स्ट्रॉबेरी खायला जाल तेव्हा आठवा.

---

गुळांबा

मॅप्रोच्या रांगेत आता परीराणी दिसणार. :D

भाषेचा प्रश्न विचारू का? मी पुस्तक घेतलं, पण संवादांत अडखळतेय. ‘बेर्न’ म्हणजे मूल हे कळलं. पण एका पानावर आई बाळाला सारखी ‘ग्रीट’ करू नकोस म्हणते. बाळ कुणाला नमस्कार करतंय?

---

नदीकाठ

स्कॉट्समध्ये ग्रीट म्हणजे रडणं! ते पान पुन्हा वाच, एकदम वेगळं दिसेल.

स्कॉट्स ही मोडकी इंग्रजी समजून वाचू नकोस. ती स्वतंत्र वाढलेली बहीण आहे. तिचा मोठा कोश ‘डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ इंटरनेटवर फुकट आहे. पण आधी मोठ्याने वाच. मालवणी कागदावर वाचताना अडखळतं आणि कुणी बोललं की कळतं, तसंच. जुन्या लोकांच्या आवाजात गाणी आणि गोष्टी ऐकायच्या असतील तर ‘टोबर अन दुआलखिश’ या संकेतस्थळावर हजारो ध्वनिमुद्रणं आहेत. त्यातली बरीच एडिंबराच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने गावोगाव फिरून केलेली.

आणि अजून एक शब्द. ‘ग्लॅमर’. हा मुळात स्कॉट्स शब्द, ‘ग्रामर’चा अपभ्रंश. व्याकरण शिकलेला तो मंत्र जाणणारा, असा अर्थ सरकत गेला. त्याचा जुना अर्थ डोळ्यांवर घातलेली भूल.

---

माडाची_सावली

नजरबंदी! आपल्याकडे गारुडी करायचा तीच.

---

सरळरेषा

‘नजरबंदी’ फार नेमका शब्द. अनुवाद माडाची_सावली यांनीच करावा असा ठराव मांडतो.

पण एक राहिलं. जॅनेट आणि टॅम लिन पहिल्यांदा भेटतात त्याबद्दल कुणी बोललं नाही. काही पाठांत तो तिला विचारत नाही, सरळ घेतो. आपण हिला धाडसी प्रेमकथा म्हणतोय. भिशीत हा विषय निघेल.

---

चांदणचुरा

निघेल, आणि निघायला हवा. कादंबरीत ते वेगळं आहे, तिथे तिची इच्छा स्पष्ट आहे. मला ते हवं होतं. पण जुन्या पाठांमध्ये ते तसं नाही हे लपवायचंही नाही. मला जे धरून ठेवतं ते दुसऱ्या भेटीतलं. ती गर्भ पाडायला वनस्पती तोडायला गेलेली असते. कुणी तिला थांबवायला नाही, बाप फक्त हळूच विचारतो की दिवस गेलेत का. ती दरबारातल्या कुणालाही मुलाचा बाप म्हणून नाव लावू देत नाही. सगळे निर्णय तीच घेते. तो फक्त एवढंच सांगतो की सोडू नकोस.

---

तिसरी_घंटा

दोन दिवस विचार केला. माझं मत बदललं नाही, पण थोडं सरकलं. रात्रपाळीच्या गायीमुळे. शेवट सांगणं वेगळं आणि कान तयार करणं वेगळं. टॅम लिन नका देऊ. ते दाईचं गाणं आधी द्या. त्यातून कादंबरीचा शेवट कळत नाही, पण सगळ्याजणींना गाय ऐकू येईल.

---

रात्रपाळी

हे उत्तम आहे. मी कशी नाही विचार केला!

---

अनुस्वार

तिसरी_घंटा, मान गये.

तुमच्या मुद्द्याला बळ देणारी एक गोष्ट सांगतो, ती खरं तर माझ्या विरोधात जाते. स्कॉटला ही गाणी देणाऱ्यांत मार्गारेट लेडलॉ होती, मेंढपाळ कवी जेम्स हॉगची आई. तिचा बाप विल ओ’ फॉप हा त्या मुलखात परींशी बोललेला शेवटचा माणूस मानला जायचा. छापलेला संग्रह बघून म्हातारीने स्कॉटला सुनावलं. ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नाही. तुम्ही त्यांचा मंत्र मोडलात, आता ती कुणी गाणार नाही. वर हेही म्हणाली की धड लिहिलीही नाहीत.

म्हणजे हा वाद आपण आज घालतोय तो दोनशे वर्षं जुना आहे. आणि झेरॉक्स वाटण्याच्या बाजूला मी आहे.

---

नदीकाठ

मग कागद वाटूच नका. म्हणून दाखवा.

---

चांदणचुरा

(तीन आठवड्यांनी)

भिशी कशी झाली ते सांगते.

टॅम लिन आधी दिलं नाही. पुस्तकं वाटायच्या दिवशी दाईचं गाणं मी मोठ्याने वाचलं. आधी मूळ, जमेल तशा उच्चारांत, मग माझं मराठी. ‘परी’ शब्द टाळला, ‘शेजारीण राणी’ म्हटलं. अर्थ काहीच सांगितला नाही. चहा झाला, सगळ्या घरी गेल्या.

काल चर्चा झाली. अकरापैकी नऊ जणींना आत्याची गाय लागली होती. एकीने तर पहिल्याच प्रकरणात दुधाची वाटी बाहेर ठेवतात तिथे पेन्सिलने ‘गाय?’ असं लिहून ठेवलं होतं. पहिल्या भेटीच्या पाठांवरून जोरदार वाजलं, सरळरेषांनी म्हटलं होतं तसंच. बेसी डनलॉपबद्दल मी सांगितलं तेव्हा मात्र कुणी बोललं नाही बराच वेळ.

मग शेवटी टॅम लिन. नदीकाठचं ऐकून कागद दिला नाही. आमच्यात सगळ्यांत मोठ्या आहेत त्या काकू, वय एक्याऐंशी, मोतीबिंदूमुळे त्यांनी कादंबरी सुनेकडून वाचून घेतली होती. त्यांना शेवट अर्थातच माहीत होता. मी सरडपालीशी आले, साप झाला, अस्वल झालं. काकूंच्या मांडीवर पदराचं टोक होतं, ते त्यांनी दोन्ही मुठींत आवळलं होतं. निखाऱ्यापर्यंत बोटं पांढरी पडली. मी ‘विहिरीत टाकला’ म्हटलं तेव्हा त्यांनी पदर सोडला आणि म्हणाल्या, “हां. आता शाल घाल त्याला, गारठेल.”

ती ओळ अजून वाचायची होती.

@माडाची_सावली, नऊ जणींनी विचारलंय की अनुवाद कधी सुरू करताय. पहिलं प्रकरण झालं की व्यनि करा, वाचून कळवते. @रात्रपाळी, बाळ कसं आहे?

---

रात्रपाळी

छान आहे. काल पहिल्यांदा हसली. अडकित्ता आहे तिथेच आहे.